समोरची जागा रिकामी असताना

मालमत्ता गोठवण्याचा आदेश मागायला न्यायाधीशांपुढे पहिल्यांदा उभी राहिले, तेव्हा प्रतिवादीच्या वकिलाची जागा रिकामी होती. ती रिकामी असणारच होती. ज्याने पैसे लाटले असा आपला आरोप आहे, त्याला आधी नोटीस दिली तर सुनावणीपर्यंत खात्यात काय उरेल? १९७५ च्या ‘मारेवा’ खटल्यामुळे या आदेशाची वाट रुळली. लंडनमध्ये मी बॅरिस्टर म्हणून फसवणुकीचे दिवाणी दावे लढवते, आणि त्या कामाचा मोठा भाग या आदेशाच्याच भोवती असतो.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांना मी आधी त्या रिकाम्या जागेबद्दल सांगते. प्रतिवादी हजर असता तर त्याने जे जे मांडलं असतं, ते तिथे तुम्हालाच मांडावं लागतं. काही दडवलं तर आदेश रद्द होऊ शकतो, आणि अशिलाने कोर्टाला दिलेली नुकसानभरपाईची हमी त्याच्याच अंगावर येते. प्युपिलेजमध्ये, म्हणजे अनुभवी बॅरिस्टरच्या हाताखालच्या उमेदवारीत असताना, अशाच एका अर्जाचा लेखी युक्तिवाद मी रात्रभर बसून लिहिला होता. वादातल्या व्यवहाराला आमच्या अशिलाने पूर्वी होकार दिला होता, असं एका ई-मेलवरून वाटत होतं. ते मी तळटीपेत टाकलं. माझ्या सुपरव्हायझरांनी ती तळटीप उचलून पहिल्याच पानावर आणली आणि म्हणाले, “हे न्यायाधीशांना आपल्याकडूनच कळायला हवं.” त्या दिवसापासून अडचणीचा कागद मी सगळ्यात आधी वाचते.

फसवणुकीचा आरोपही मनात आलं म्हणून करता येत नाही. अशिलाची स्पष्ट सूचना हवी आणि हाताशी विश्वासार्ह आधार हवा, असं बारची, म्हणजे बॅरिस्टरांची, आचारसंहिता सांगते. अप्रामाणिकपणाची कसोटी २०१७ च्या ‘आयव्ही’ निकालात सापडेल: त्या माणसाला खरोखर काय माहीत होतं, हे आधी ठरवायचं आणि मग त्याचं वागणं सामान्य सभ्य माणसाच्या मापाने मोजायचं. म्हणून आमचा वेळ भाषणांपेक्षा बँकेची स्टेटमेंट, ई-मेल आणि एकात एक गुंतलेल्या कंपन्यांचे कागद वाचण्यात जातो. आदेश मिळाला की काम संपलं असंही नाही. कझाकस्तानच्या बीटीए बँकेच्या दाव्यात तिचे माजी अध्यक्ष मुख्तार अब्ल्याझोव्ह यांना २०१२ मध्ये न्यायालयाच्या अवमानाबद्दल २२ महिन्यांची शिक्षा झाली, तेव्हा ते इंग्लंड सोडून गेले होते.

आता वाटेबद्दल. कायद्याची पदवी, किंवा दुसरी पदवी आणि वर साधारण वर्षभराचा रूपांतर अभ्यासक्रम. मग ‘इन’ म्हणवल्या जाणाऱ्या बॅरिस्टरांच्या चार संस्थांपैकी एकीचं सदस्यत्व, बारचा व्यावसायिक अभ्यासक्रम आणि १२ महिन्यांची प्युपिलेज, ज्यातले पहिले सहा महिने स्वतःचं प्रकरण चालवता येत नाही. भारतात वकिली केलेल्यांना बॅरिस्टरांची नियामक संस्था असलेल्या बार स्टँडर्ड्स बोर्डाकडे वेगळा अर्ज करता येतो. मी ग्रेज इन निवडलं, कारण १९२२ साली बाबासाहेब तिथूनच बॅरिस्टर झाले. त्या हॉलमध्ये जेवायला बसले की आजही ऊर भरून येतो.

खरी अडचण प्युपिलेजची. अभ्यासक्रम पूर्ण करणारे पुष्कळ, जागा मोजक्या. म्हणून भरमसाट फी भरण्याआधी इनच्या शिष्यवृत्त्यांसाठी अर्ज करा. पुढे चेंबर्समध्ये, म्हणजे बॅरिस्टरांच्या सामायिक कार्यालयात, जागा मिळाली तरी पगार नसतो, तुम्ही स्वतंत्र व्यावसायिक असता. फी हाती यायला महिने लागतात, त्यामुळे आलेल्या प्रत्येक रकमेतून कराचा वाटा त्याच दिवशी बाजूला काढायला शिका. क्लार्कशी मोकळं बोला. काम त्यांच्यामार्फत येतं, आणि थकलात तर तेही त्यांनाच सांगायचं असतं. मोठ्या व्यापारी दाव्यात सुरुवातीची वर्षं तुम्ही कुणा ज्येष्ठांच्या मागच्या बाकावरच असाल.

हे सगळं ठरवण्याआधी, लंडनला असाल तर फेटर लेनवरच्या रोल्स बिल्डिंग या न्यायालयाच्या इमारतीत एक दिवस बसा. खुली सुनावणी कुणालाही पाहता येते, सुनावण्यांची यादी आदल्या दिवशी दुपारी लागते. उलटतपासणी चालू असलेला खटला शोधा आणि वकिलाच्या प्रश्नापेक्षा तो साक्षीदाराला कोणता कागद उघडायला सांगतो, त्याकडे लक्ष ठेवा.