विमानाचं स्केल मॉडेल बनवताय? खान्देशच्या हवेत या चुका टाळा

मॉडेल बिघडलं की बहुतेक जण दोनच कारणं सांगतात, एक तर किट (जोडायच्या सुट्या प्लास्टिक पार्टांचा संच) खराब निघालं, नाहीतर आता वय झालं हात थरथरतो. मला दोन्ही पटत नाहीत. आपल्या जळगाव, धुळे, भुसावळकडे रिटायर झालेले जे काही पायलट आणि एअरफोर्सवाले मॉडेल बनवतात त्यांची कामं मी बघत असतो, आणि बघून एकच वाटतं की जे लोक उभ्या नोकरीत हवामान बघितल्याशिवाय, वजन-बॅलन्स काढल्याशिवाय, विमानाभोवती एक चक्कर मारल्याशिवाय कॉकपिटमध्ये चढले नाहीत, तेच टेबलावर बसले की यातलं काहीच करत नाहीत. थेट गोंदाची ट्यूब उघडतात. बाहेरून शिकण्यासारखं फार थोडं आहे हो, जे येतं तेच वापरायचंय.

आता सगळ्यात आधी हवा, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त मॉडेल हवेनं खराब होतात.

मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला की दुपारी एअरब्रश (रंग फवारायची बारीक पिचकारी) हातात घेऊच नका. अ‍ॅक्रिलिक रंग नोझलमधून निघतो आणि मॉडेलवर पोचायच्या आतच हवेत वाळतो, मग पंखावर हात फिरवला की खरखरीत लागतं. लोकांना वाटतं रंग जुना झाला, म्हणून नवीन बाटली आणतात आणि परत तेच. त्यात नोझलच्या टोकाला रंग सुकून अडकतो, मग लोक प्रेशर वाढवतात, त्यानं तर अजूनच जास्त सुकतो. उपाय असा की पहाटे उठून स्प्रे करा, रंग दुधाइतका पातळ करा, त्यात दोन-चार थेंब रिटार्डर (रंग सावकाश सुकवणारं द्रव) टाका, प्रेशर 15-20 पीएसआयच्या आसपास ठेवा आणि एअरब्रश मॉडेलच्या थोडा जवळ न्या. खरखरीत झालंच असेल तर पूर्ण सुकू द्या, मग 1500 किंवा 2000 नंबरचा वॉटर पेपर (बारीक पॉलिश पेपर) पाणी लावून हलक्या हातानं फिरवा आणि वरून पातळ थर द्या, सगळा रंग काढायची गरज नसते.

आणि कूलर. कूलर समोर लावून कोणी रंग मारत असेल तर कृपा करून थांबा, एक तर तो ओली हवा फेकतो, दुसरं म्हणजे आपल्याकडची सगळी धूळ उचलून ओल्या रंगावर आणून टाकतो. रंग मारेपर्यंत आणि नंतर निदान अर्धा तास तरी कूलर-पंखा बंद, मॉडेलवर प्लास्टिकचा डबा उलटा झाकून ठेवायचा.

पावसाळ्यात बरोब्बर उलटा त्रास. लॅकर (थिनरवर चालणारा, झटकन सुकणारा रंग) किंवा त्याचा क्लिअर कोट (पारदर्शक थर) ओल्या हवेत मारला की पांढरी धुरकट साय धरते, कारण थिनर भराभर उडून जातो, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ तिथेच बसते. झड लागलेली असताना लॅकरचं काम काढूच नये, त्या दिवसांत कॉकपिट बनवा, पार्ट घासा, जोडणीचं काम करा. पांढरं पडलं असेल तर कोरड्या दिवशी नुसता लॅकर थिनर रिटार्डर टाकून अगदी हलका फवारला की बऱ्याचदा निघून जातं. एअरब्रशला हवा देणाऱ्या कॉम्प्रेसरला वॉटर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारी बाटली) नसेल तर जुलैत एअरब्रशमधून मधेच पाण्याचा थेंब उडतो आणि झालेलं काम नासतं, तो ट्रॅप घ्याच. स्प्रे करताना खिडकी उघडी पाहिजे, आणि साधा एन-95 मास्क रंगाचे कण अडवतो पण थिनरची वाफ अडवत नाही, त्याला ऑरगॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. आपल्या वयात फुफ्फुसं सांभाळायला हवीत.

थिनरवरनं आठवलं, हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर स्वस्त मिळतो म्हणून लोक त्यानं ब्रश धुतात इथपर्यंत ठीक आहे, पण त्याच थिनरनं मॉडेलवरचा चुकलेला रंग पुसायला जातात आणि पॉलिस्टायरीन डोळ्यादेखत विरघळतं, पॅनल लाईन (पत्र्यांच्या जोडांच्या रेषा) गेल्या, रिव्हेट गेले. इनॅमल (तेलाचा रंग) पुसायचं असेल तर टर्पेंटाइन, आणि कुठलंही नवीन रसायन आधी स्प्रूच्या तुकड्यावर लावून बघायचं, स्प्रू म्हणजे पार्ट ज्या फ्रेमला चिकटून येतात ती काडी, ती फेकू नका.

शेपटीवर बसलेलं विमान

हे बघितलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण पायलटच्या घरी तरी हे दिसायला नको. तीन चाकांचं, म्हणजे नाकाखाली चाक असलेलं कुठलंही विमान, मिग-21 असो, सेस्ना 172 असो, आतून पोकळ प्लास्टिक असतं, खऱ्या विमानातलं इंजिन-रडारचं वजन त्यात नसतं, त्यामुळे गुरुत्वमध्य मागच्या चाकांच्याही मागे जातो. सगळं रंगवून डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणा) लावून शोकेसमध्ये ठेवलं आणि नाक वर. शेजारचा माणूस येऊन म्हणतो, "हाई ते मांगे बसी गयं!" आणि तो बरोबरच म्हणतो.

फ्यूजलाज (विमानाचं पोकळ धड) बंद करायच्या आधी टेपनं सगळं तात्पुरतं जोडा, पंख, शेपटी, सगळं, आणि मेन व्हील जिथे येणार त्या दोन जागांवर टूथपिक लावून तोलून बघा. नाकाकडे झुकेपर्यंत वजन घालत जा, वर थोडं जास्तीचं ठेवा कारण रंग आणि मागे लागणारे बारीक पार्ट अजून यायचे असतात. वजन जितकं पुढे तितकं कमी लागतं, चाकापासून 8 सेंटिमीटर पुढे 10 ग्रॅम ठेवलं काय आणि 4 सेंटिमीटर पुढे 20 ग्रॅम ठेवलं काय, मोमेंट (वजन गुणिले अंतर) तेवढाच. मिग-21 ला नाकातल्या शॉक कोनच्या (टोकदार सुळक्याच्या) आतच जागा मिळते, ती सोडू नका. सेस्नाला इंजिन काउलिंगमध्ये (इंजिनावरच्या आवरणात) भरा, केबिनला काचा आहेत, तिथलं वजन बाहेरून दिसतं. मासेमारीच्या जाळ्याला लावतात त्या शिशाच्या गोळ्या तापीकाठच्या बाजारात सहज मिळतात, त्या चालतात. फक्त त्या पांढऱ्या फेव्हिकॉलसारख्या गोंदानं चिकटवू नका, शिसं आणि तो गोंद यांची हळूहळू रासायनिक क्रिया होऊन शिसं फुगतं आणि काही वर्षांनी जोड उकलतो. इपॉक्सी वापरा. शिशाला हात लावल्यावर साबणानं हात धुवायचे आणि नातवंडांच्या हाती त्या गोळ्या पडू द्यायच्या नाहीत.

फ्यूजलाज बंद करून झालंय आणि आता लक्षात आलं? तर नोज व्हीलच्या खाचेतून नाहीतर इनटेकमधून (हवा आत घ्यायच्या तोंडातून) बारीक गोळ्या सोडता येतात का बघा, नाहीतर चाकं लाकडी बेसवर पिन घालून पक्की करा. त्यात कमीपणा नाही.

डाकोटा, स्पिटफायर, हरिकेन ही शेपटीला चाक असलेली विमानं, त्यांना हे काहीच लागत नाही, म्हणून सुरुवात अशा विमानानं केलेली बरी.

आपलं विमान म्हणून भलतंच किट

एअरफोर्सवाल्यांना साहजिकच आपल्या स्क्वाड्रनचं विमान पाहिजे असतं. मग बॉक्सवर नॅट लिहिलेलं दिसलं की घेऊन टाकतात. पण रेड अ‍ॅरोजच्या (ब्रिटिश हवाई कसरतींचं पथक) लाल रंगातलं जे नॅट बाजारात येतं ते टी.1, दोन सीटचं ट्रेनर आहे, त्याचा पंखही वेगळा आणि लांबीही जास्त. 1965 च्या लढाईत आपण वापरलं ते एका सीटचं फायटर. त्याला नुसता रंग बदलून ते होत नाही.

मिग-21 चं पण तसंच. 1971 मध्ये आपल्याकडे त्याचा एफएल प्रकार होता, 14 डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर रॉकेट मारली ती याच विमानांनी. एफएलची पाठ सडपातळ, नंतरच्या बिस प्रकाराची पाठ फुगीर कारण त्यात इंधन जास्त मावतं, आणि बिस आपल्याकडे त्या युद्धानंतर आलं. बिसच्या किटवर 1971 ची खूण लावली तर ज्यानं ते विमान उडवलंय त्याला दारातूनच कळतं. मिग आपल्या शेजारी ओझरला बनायची, धुळ्याहून नाशिकला जाताना हायवेवरून किती वेळा त्या बाजूला नजर गेली असेल, 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला त्यांना निरोप दिला तेव्हा गलबलून आलं. त्या विमानाचं मॉडेल करायचं तर नीटच करावं, असं मला वाटतं. किट घेण्याआधी आपल्याला पाहिजे त्या वर्षाचा, त्या टेल नंबरचा फोटो समोर ठेवा, नुसत्या आठवणीवर जाऊ नका, आठवणीतला रंग फोटोतल्या रंगाशी क्वचितच जुळतो.

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रह्मदेश आघाडीवरचं हरिकेन किंवा व्हेंजन्स बॉम्बर करत असाल तर राउंडेलमध्ये (विमानावरच्या गोल खुणेत) लाल नको, जपानी लाल गोळ्याशी घोटाळा होऊ नये म्हणून तिकडे लाल काढून दोन निळ्या छटा ठेवल्या होत्या. किटमध्ये बऱ्याचदा लालवालं पण डेकल असतं आणि लोक तेच लावतात.

गोंद

पाच-दहा रुपयांत मिळणारा सुपरग्लू प्रत्येक ठिकाणी वापरू नका. तो हवेतल्या ओलाव्यानं घट्ट होतो, म्हणून मे महिन्यात आपल्याकडे कोरड्या हवेत पटकन धरत नाही आणि ऑगस्टमध्ये जागेवर बसवायच्या आत धरतो. दोन प्लास्टिकचे पार्ट जोडायला पातळ लिक्विड सिमेंट घ्या, पार्ट जुळवून धरा आणि ब्रशचं टोक नुसतं फटीला लावा, ते आपोआप आत ओढलं जातं. कॅनॉपीला (कॉकपिटवरच्या काचेला) तर सुपरग्लू अजिबात नको, त्याच्या वाफेनं काच आतून पांढरी धुरकट होते. तिथे फेव्हिकॉल, तो वाळल्यावर पारदर्शक होतो आणि जास्तीचा ओल्या बोळ्यानं पुसता येतो. कॅनॉपी पांढरी पडलीच आणि अजून निघत असेल तर काढून गाडीच्या पॉलिश कंपाउंडनं घासा आणि ग्लॉस क्लिअरमध्ये बुडवून सुकवा. सुपरग्लूची बाटली फ्रिजमध्ये ठेवत असाल तर सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवा, आणि बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत दव धरतं.

बघणाऱ्याला नाही, पायलटला खटकतं

डाव्या पंखाला लाल दिवा, उजव्याला हिरवा, पायलटच्या सीटवरून डावं-उजवं. समोरून बघत रंगवणारे हमखास उलट करतात.

दोन्ही एलेरॉन (पंखांच्या टोकाकडच्या हलणाऱ्या पट्ट्या) एकदम वर ठेवलेले मी बघितलेत, तसं होत नाही, एक वर तर दुसरा खाली. स्पिटफायरचे फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेला खाली उघडणाऱ्या पट्ट्या) हवेच्या दाबावर चालायचे, पूर्ण वर किंवा पूर्ण खाली, मधलं काही नाही, त्यामुळे अर्धे उघडे फ्लॅप चूक. उलट मस्टँग उभं असलं की हायड्रॉलिक प्रेशर उतरतं आणि फ्लॅप, चाकांची आतली दारं खाली लोंबतात, तिथे सगळं बंद दाखवलं तर ते नुकतंच उभं केल्यासारखं दिसतं.

प्रोपेलरच्या पात्याची फुगीर बाजू पुढे पाहिजे. आणि मर्लिन इंजिनवालं स्पिटफायर कॉकपिटमधून बघितलं तर घड्याळाच्या दिशेनं प्रोपेलर फिरतो, ग्रिफन इंजिनवाल्याचा उलट. आपल्या एअरफोर्सकडे ग्रिफनवाली 14 आणि 18 मार्क पण होती, पाच पात्यांची. पाती सुटी येत असतील तर एकदा थांबून विचार करून चिकटवा.

पॅनल लाईन काळ्या कुळकुळीत भरायची आता फॅशन झालीय. 1:72 ला अर्धा मिलिमीटरची रेष म्हणजे खऱ्या विमानावर 36 मिलिमीटरची फट, तीन बोटं आत जातील. असं विमान कुठल्या इंजिनियरनं सही करून दिलं असतं? मूळ रंगापेक्षा एक छटा गडद घ्या, बस. काजळी, तेलाचे ओघळ हे एक्झॉस्टच्या मागे, चाकांच्या खाचेत आणि मेकॅनिक पाय ठेवतात तिथे, अख्ख्या विमानावर नको, विमानं धुतात हो.

डेकल

मॅट रंगावर डेकल लावलं की खाली हवा अडकते आणि कडेनं चांदीसारखं चमकतं. आधी ग्लॉस कोट, मग डेकल, मग सेटिंग सोल्युशन (डेकल मऊ करून बसवणारं द्रव), शेवटी मॅट. चमकलंच तर त्या जागी सुईनं बारीक टोचून परत सोल्युशन लावा, दोन-तीनदा केलं की बसतं. बोअरचं पाणी वापरू नका, आपल्याकडचं पाणी जड, वाळल्यावर क्षाराचे पांढरे डाग राहतात, फिल्टरचं नाहीतर बॅटरीत टाकतात ते डिस्टिल्ड वॉटर घ्या. जुनं किट असेल तर आधी नको असलेलं एक डेकल बुडवून बघा, तुकडे होत असतील तर बाकीच्या शीटवर क्लिअर कोट मारून, सुकवून, मग एकेक कापून वापरा.

घरच्या इंकजेटवर छापणार असाल तर प्रिंटर पांढरा रंग छापत नाही हे आधी डोक्यात घ्या, आपल्या राउंडेलमध्ये बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा, तर पांढऱ्या डेकल पेपरवरच छापावं लागतं, आणि पाण्यात टाकायच्या आधी क्लिअर कोट मारला नाही तर शाई वाहून जाते.

शेवटचं म्हणजे न उघडलेली किटं माळ्यावर, पत्र्याच्या खाली, ठेवू नका. उन्हाळ्यात तिथे डेकल पिवळी पडून कागदाला चिकटतात आणि लांब पातळ पार्ट वाकतात. उन्हात उभ्या बंद गाडीत तर तयार मॉडेल ठेवायचंच नाही. पंख वाकला असेल तर गरम पाण्यात, उकळत्या नाही, थोडा वेळ धरून हातानं सरळ करा आणि लगेच गार पाण्यात घाला, जमलं नाही तर परत करा, घाईनं एकदम वाकवला तर मोडतो. किटं खालच्या खोलीत कपाटाच्या तळाशी, आडवी, वर वजन न ठेवता.