सुपे ते रेहेकुरी: माळरानावरची वन्यजीवांची वाट आखायची आणि राखायची कशी

पुण्याच्या पूर्वेला दोन छोटी अभयारण्यं आहेत. सुप्याचं मयूरेश्वर चिंकाऱ्यांसाठी, जेमतेम ५.१४ चौ. किमी. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतजवळचं रेहेकुरी काळविटांसाठी, २.१७ चौ. किमी. एवढ्या जागेत लांडग्याच्या एका कळपाचंही भागत नाही. तो जगतो मधल्या गायरानांत, वनखात्याच्या तुकड्यांत, पडीक रानात आणि शेतांच्या बांधांवर. म्हणून इथला कॉरिडॉर म्हणजे नकाशावर रंगवायचा हिरवा पट्टा नव्हे. ती आजही वापरात असलेली वाट आहे. ती आधी शोधायची आणि मग मोडू द्यायची नाही.

पहिला निर्णय प्राण्याचा. चिंकाऱ्याला लांबवर दिसणारं मोकळं रान लागतं, दाट झाडीत तो बिचकतो. लांडगा आणि तरस रात्री पिकांतून, रस्त्याच्या कडेने निघून जातात. भीमाशंकरच्या शेकरूला फांदीला फांदी भिडलेली हवी. बिबट्या तर उसातच राहतो. त्याला पट्ट्यापेक्षा विहिरींना कठडे जास्त गरजेचे. सगळे एकाच नकाशात कोंबले की कुणाचंच काम होत नाही. या पट्ट्यात लांडगा धरून पूर्ण वाट आखावी आणि चिंकाऱ्यासाठी भीमेच्या अलीकडचे माळ वेगळे जोडावेत, कारण उजनी धरणाच्या पाण्याचा फुगवटा तो ओलांडेल असं गृहीत धरून चालणार नाही.

नकाशा

सेंटिनेल-२ ची उपग्रहचित्रं फुकट मिळतात, त्यांतला एक ठिपका जमिनीवरचा १० मीटरचा चौकोन असतो. मात्र मे महिन्यातलं एकच चित्र घेऊ नका. त्या वेळी वाळलेला माळ आणि कापणी झालेलं शेत सारखंच दिसतं. सप्टेंबर-ऑक्टोबरचं एक आणि फेब्रुवारीचं एक, अशी दोन घ्या. दोन्हींत हिरवा दिसतो तो बहुधा ऊस, पावसानंतर हिरवा आणि फेब्रुवारीत पिवळा पडतो तो बहुधा माळ. ज्वारी-बाजरीची शेतं मधे घोळ घालतात, ती जागेवर जाऊन तपासावीत. सरकारी नकाशांत माळाची नोंद अनेकदा ‘पडीक’ म्हणून असते आणि तोच शब्द पुढे प्रकल्पाला जागा देताना कारण म्हणून वापरला जातो. तुमच्या नकाशात स्वच्छ ‘गवताळ माळ’ लिहा.

मग क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत संगणक प्रणालीत प्रत्येक प्रकारच्या जमिनीला अडथळ्याचे गुण द्या. लांडग्यासाठी माळ १, कोरडवाहू शेत ५, ऊस २०, चौपदरी रस्ता ७०, दाट वस्ती १००, अशी सुरुवात चालेल. त्यावरून सर्वांत कमी अडथळ्याची वाट निघते. ती अंदाज आहे, पुरावा नव्हे. गुण थोडे बदलून पुन्हा काढा. वाट दर वेळी जिथून जाते ती जागा आधी तपासायची. शेवटी या पट्ट्यावर गट नंबर बसवा आणि सातबारे काढा. मालक, भोगवटा, गायरान, वन, पाझर तलाव यांची यादी हाती आल्याशिवाय कुणाशी बोलायला जाऊ नये.

पायाने तपासणी

मेंढपाळांपासून सुरुवात करा. लांडगा कोणत्या खोऱ्यातून येतो, वाघर (मेंढ्यांभोवतीची जाळी) लावलेल्या वाड्याला, म्हणजे मेंढपाळांच्या मुक्कामाला, कोणत्या बाजूने फिरतो, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. दिवाळीनंतर अनेक वाडे पश्चिमेकडे उतरतात, म्हणून पावसाळा संपण्याआधीच भेट घ्या. ओढ्याच्या वाळूत पंजे आणि विष्ठा पाहा: लांडग्याच्या विष्ठेत केस आणि हाडांचे तुकडे असतात, तरसाची वाळून पांढरी पडते.

ट्रॅप कॅमेरा म्हणजे समोर हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा. तो बांधायला माळावर झाड मिळत नाही. लोखंडी पट्टी दीड-दोन फूट जमिनीत ठोकून कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर बांधावा. पाऊलवाटेपासून तीन-चार मीटर लांब आणि वाटेला थोडा तिरका, म्हणजे प्राणी फक्त शेपटीपुरता टिपला जात नाही. तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला ठेवा. पूर्व-पश्चिम ठेवलं तर सकाळ-संध्याकाळचं ऊन थेट भिंगात शिरतं. समोरचं गवत तीन मीटरपर्यंत कापा. हे राहिलं की वारा सुटला रे सुटला, हलणाऱ्या कुसळीचे हजारो फोटो निघतात आणि दोन दिवसांत कार्ड भरतं. साखळी, कुलूप आणि ‘हा कॅमेरा प्राण्यांसाठी आहे’ अशी मराठी पाटी लावा, शिवाय सरपंचांना आधी सांगून ठेवा. वनखात्याची परवानगी तर हवीच. एका ऋतूवर निष्कर्ष काढू नये: उसाची तोड सुरू झाली की आडोसा हलतो आणि वाटही हलते.

जिथे वाट तुटते

बहुतेक श्रम आणि पैसा इथेच लावावा. पुणे-सोलापूर महामार्ग, रेल्वे, कालवे आणि प्लॉटिंगची कुंपणं या चार ठिकाणी वाट खरी तुटते.

रस्त्याखालच्या मोरीचा मोकळेपणा असा मोजतात: रुंदी गुणिले उंची, भागिले लांबी, सगळं मीटरमध्ये. ३ मीटर रुंद, २ मीटर उंच मोरी ३० मीटर रस्त्याखालून जात असेल तर आकडा ०.२ येतो. कोल्हा आणि तरस कदाचित जातील. हरणवर्गीय प्राण्यांसाठी ढोबळ नियम ०.७५ च्या पुढचा आहे, म्हणजे चिंकाऱ्यासाठी ही मोरी बंदच समजा. पेंचमधल्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर ५० ते ७५० मीटर रुंदीचे नऊ मार्ग रस्त्याखालून ठेवले आणि वाघांसकट अनेक प्राणी ते वापरतात. तशी मागणी रस्त्याचा आराखडा ठरतानाच करायची. डांबर पडल्यावर मोरी रुंद होत नाही. असलेल्या मोऱ्यांत गाळ साफ करा, एका कडेला पाण्यावर राहील अशी कोरडी पायवाट बांधा आणि तोंडाशी दिवा लावू देऊ नका.

सिमेंटच्या कालव्यात पडलेला प्राणी बाहेर येऊ शकत नाही. काठाला नखं लागत नाहीत, तो पोहत राहतो आणि थकून बुडतो. दर दोन-तीनशे मीटरला उताराचा, आडव्या खाचा पाडलेला खडबडीत रॅम्प लागतो. प्रवाह प्राण्याला खाली ढकलतो, म्हणून रॅम्पचं तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला उघडं ठेवा. विहिरीला किमान साडेतीन-चार फुटांचा कठडा हवा.

कुंपण काढा म्हटलं तर कुणी ऐकणार नाही. सर्वांत खालची तार बिनकाट्याची आणि जमिनीपासून दीड फूट वर ठेवायला सांगा. ही विनंती शेतकरी मान्य करतो. जाळीचं कुंपण असेल तर ओढ्याच्या बाजूला तरी मोकळी पट्टी मागा.

माळाची निगा

माळावर झाडं लावू नका. हे वाचून अनेकांना वाईट वाटेल, पण गिरिपुष्पाच्या रांगा आणि सलग समतल चर यांनी चिंकाऱ्याचं रान मोडतं. खड्डा खणला की वर येते ती वेडी बाभूळ आणि गाजरगवत. ती मुळासकट काढा, नुसती तोडली तर दुपटीने फुटतात. मारवेल, पवना, डोंगरी ही गवतं बी पडेपर्यंत राखावीत. गायरानाचे तीन भाग करून एक भाग पावसाळ्यात चराईला बंद ठेवावा. चराई पूर्ण बंद करण्याचा हट्ट नको. मेंढपाळ तुटला की वाटेवरचे डोळेच गेले.

मोकाट कुत्र्यांकडे दुर्लक्ष सर्वांत महाग पडतं. ती चिंकाऱ्याच्या पाडसांना धरतात, लांडग्यांना रोग देतात, आणि पुण्याजवळच्या लांडग्यांत कुत्र्यांशी झालेला संकर जनुकीय तपासणीत सिद्ध झालेला आहे. पोल्ट्रीवाल्यांनी मेलेल्या कोंबड्या उघड्यावर न टाकता खोल खड्ड्यात चुना घालून पुरल्या, तर कुत्री आणि लांडगे एका उकिरड्यावर जमत नाहीत.

कागद

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३६अ खाली सरकारी जमिनीवर संवर्धन राखीव क्षेत्र होतं. दोन संरक्षित क्षेत्रं जोडणाऱ्या जागांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. खासगी किंवा सामूहिक जमीन मालकांच्या इच्छेने द्यायची असेल तर कलम ३६क. दोन्हींआधी ग्रामसभेत गट नंबरनिशी चर्चा करा. ‘जमीन जाणार’ ही अफवा एकदा पसरली की दोन वर्षं मागे जावं लागतं.

मेंढी किंवा वासरू मारलं गेलं तर वनखात्याच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवा आणि पंचनामा होईपर्यंत मृत जनावर हलवू देऊ नका. ते हलवलं की भरपाई अडते आणि पुढच्या शिकारीवर विष टाकलं जाण्याचा धोका वाढतो. पहिला फोन कुणी करायचा ते गावात आधीच ठरवून ठेवा, नंबर पंचायतीच्या भिंतीवर रंगवा.