सिकलसेल आणि फुफ्फुसं, दोन्हीवर रिसर्च करायचाय? मग सुरुवात अशी करा

एमबीबीएसची पोरं नेहमी विचारतात, सिकलसेलसारख्या रक्ताच्या आनुवंशिक आजारांवर काम करायचं तर डीएम हिमॅटॉलॉजीच (रक्तविकारांतली सुपरस्पेशालिटी) करावं लागतं का. नाही हो. एमडी मेडिसिन, पेडियाट्रिक्स, पॅथॉलॉजी, अगदी फिजिओलॉजी करूनही येता येतं, आणि एमएस्सीवाल्यांना जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) काढून पीएचडीचा रस्ता आहेच. डिग्री कुठलीही घ्या पण फुफ्फुसाची मापं स्वतःच्या हाताने घ्यायला शिका, कारण सिकलसेलचा पेशंट बरेचदा छातीपायी जातो आणि आपण मात्र एचपीएलसीचा (हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखणाऱ्या तपासणीचा) रिपोर्ट आला की काम झालं समजतो.

हे काही आजचं नाहीये. 1904 मध्ये ग्रेनाडाहून शिकागोला डेंटिस्ट्री शिकायला आलेला एक तरुण खोकला घेऊन अ‍ॅडमिट झाला, तिथल्या इंटर्नला त्याच्या रक्तात विळ्यासारख्या पेशी दिसल्या, डॉ. हेरिक यांनी 1910 ला ती केस प्रसिद्ध केली, आणि तो तरुण 1916 मध्ये न्यूमोनियाने गेला, 32 व्या वर्षी. वाचलं की अजून वाईट वाटतं.

तर पहिलं पाऊल म्हणजे एमबीबीएसला असतानाच आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) एसटीएस म्हणजे विद्यार्थ्यांसाठीचा छोटा रिसर्च प्रोजेक्ट टाका, दोन महिन्यांचा असतो, त्यामुळे प्रश्न छोटा ठेवा. उदा. एसएस (म्हणजे प्रत्यक्ष सिकलसेल आजार असलेला) पेशंट सहा मिनिटांत किती अंतर चालतो आणि चालताना सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, किती पडतं, एवढं पुरे. एथिक्स कमिटीची परवानगी आधीच मागून ठेवा, तिथेच वेळ जातो. शिकायला जागा हवी तर परळला केईएमच्या आवारात एनआयआयएच ही आयसीएमआरची रक्ताच्या आजारांवरची संस्था आहे, त्यांचं चंद्रपूरलाही सेंटर आहे, आणि पेशंट बघायचे तर विदर्भ नाहीतर नंदुरबार गाठाच.

आता महत्त्वाचं. डीएलसीओ, म्हणजे फुफ्फुसातून वायू रक्तात किती उतरतो त्याचं माप, हिमोग्लोबिन कमी असलं की आपोआप कमी येतं. बाईचं एचबी 8 असेल तर 9.38 मध्ये 8 मिळवा आणि त्याला 1.7 गुणिले 8 ने भागा, 1.28 येतं, त्याने डीएलसीओला गुणायचं. मशीनने 60 टक्के दाखवलेले खरे साधारण 77 निघतात. (मोठ्या पुरुषांना 9.38 च्या जागी 10.22 घ्या.) हे न करता पेपर लिहिला तर तुम्ही अ‍ॅनिमियालाच फुफ्फुसाचा आजार म्हणून बसाल, म्हणून एचबी त्याच दिवशी तपासा, मागच्या महिन्याचं चालवू नका.

पल्स ऑक्सिमीटरचंही तसंच, हिमोग्लोबिन एस (सिकलसेलमधलं हिमोग्लोबिन) ऑक्सिजन जरा सैल धरतं त्यामुळे रक्तातला ऑक्सिजनचा दाब ठीक असूनही बोटावरचा आकडा कमी दिसू शकतो, शंका आली की एबीजी (धमनीतल्या रक्ताची तपासणी) करा. आणि इकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीवर) लगेच पल्मनरी हायपरटेन्शनचा, म्हणजे फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दाब वाढल्याचा, शिक्का मारू नका. फ्रान्समधला 2011 चा अभ्यास बघा, 398 पेशंटपैकी 27 टक्क्यांना इकोमध्ये संशय आला, हृदयात कॅथेटर (बारीक नळी) टाकून बघितलं तर खरा आजार फक्त 6 टक्क्यांना!

गावात सॅम्पल घेताना आधी विचारा की गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलंय का, चढवलं असेल तर एचपीएलसी दुसऱ्याचंच रक्त दाखवेल. संमतीपत्र नुसतं मराठीत वाचून दाखवू नका, गोंडी किंवा पावरी बोलणारी आशाताई सोबत घ्या आणि तिला आधी नीट समजवा. आणि प्लीज, अंगणात चार लोकांसमोर रिपोर्ट सांगू नका, एएस म्हणजे फक्त वाहक, आजार नव्हे हे पटायच्या आधीच मुलीचं जमलेलं लग्न मोडतं. रिपोर्ट द्यायला स्वतः जा, कागदावर 'वाहक' की 'आजार' हे मोठ्या अक्षरात लिहा, आणि एसएस आलेल्या पोराचं नाव त्याच दिवशी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात नोंदवा, म्हणजे पेपर छापून यायची वाट न बघता त्याचे उपचार सुरू होतील.