रेव्हिटमधील ऊर्जा मॉडेल अडले, तर दोष कसा शोधावा

रेव्हिट या इमारत-आराखड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये इमारतीचे ऊर्जा मॉडेल (उष्णता आणि ऊर्जावापर मोजण्यासाठीची प्रतिकृती) तयारच होत नाही, किंवा तयार होऊनही वातानुकूलनाचा भार अशक्य वाटावा इतका येतो, तेव्हा बहुतेक जण आधी काचेचे आणि यंत्रणेचे आकडे बदलू लागतात. ज्या खोलीचे छतच संगणकाला सापडलेले नाही, तिची काच बदलून काही साधत नाही. म्हणून आधी भूमिती तपासावी.

फाइलची प्रत काढून ऊर्जा मॉडेल त्रिमितीय दृश्यात उघडावे आणि एकेक मजला पाहावा. दोन शेजारच्या खोल्या एकच झाल्या असतील, तर मधल्या भिंतीचा ‘रूम बाउंडिंग’ हा भिंतीला खोलीची सीमा मानणारा पर्याय बंद राहिलेला असण्याची शक्यता मोठी असते. खोली पूर्णच नाहीशी झाली असेल, तर भिंत आणि स्लॅब यांच्यामधील फट शोधावी. ‘अ‍ॅनालिटिकल स्पेस रिझोल्यूशन’ ही मर्यादा मुळात 457.2 मिलिमीटर असते आणि तिच्यापेक्षा मोठी फट राहिली की ती जागा बंदिस्त धरली जात नाही. ही मर्यादा वाढवून काम भागते खरे, पण मग अरुंद डक्टसारख्या लहान जागा गळतात. शिवाय ‘सरफेस रिझोल्यूशन’ (पृष्ठभागांसाठीची अशीच मर्यादा) तिच्यापेक्षा कमीच ठेवावे लागते. त्यामुळे फट मूळ आराखड्यातच बुजवणे मला अधिक सुरक्षित वाटते, मग त्यात अर्धा दिवस गेला तरी चालेल.

भूमिती नीट बसल्यावर साहित्याकडे वळावे. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेल्या 230 मिलिमीटर विटांच्या भिंतीची यू-व्हॅल्यू, म्हणजे तिच्यातून उष्णता किती सहज जाते याचे माप, दर चौरस मीटर-केल्व्हिनला साधारण 2 वॅटच्या आसपास असते. अहवालात ती 0.5 दिसत असेल, तर तुमची भिंत वापरलीच गेलेली नाही. अशा वेळी ऊर्जा सेटिंगमधील ‘डिटेल्ड एलिमेंट्स’ हा आराखड्यातील प्रत्यक्ष साहित्य वापरणारा पर्याय निवडलेला आहे का आणि त्या साहित्याला औष्णिक गुणधर्म दिलेले आहेत का, हे पाहावे.

हवामानाची फाइल योग्य शहराची हवी, कारण मुंबई उष्ण-दमट विभागात येते, तर नागपूर संमिश्र विभागात. ‘ट्रू नॉर्थ’ (मॉडेलमधील खरी उत्तर दिशा) डिसेंबरमधील दुपारच्या सावलीवरून पडताळावे. ती उत्तरेकडेच पडली पाहिजे. मुंबईसाठी मे महिन्याचा मध्य मात्र या कामाला निरुपयोगी, कारण तेव्हा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो.

गणना एनर्जीप्लस या ऊर्जा-गणनेच्या प्रोग्राममध्ये थांबली, तर ‘ईप्लसआउट डॉट ईआरआर’ ही दोषांची नोंद असलेली फाइल वरून खाली वाचावी. शेवटची ‘फेटल’ ओळ फक्त काम थांबल्याचे कळवते. कारण बहुधा तिच्या वर आलेल्या पहिल्या ‘सिव्हिअर’ (गंभीर दोषाच्या) ओळीत असते आणि पुढच्या अनेक ओळी त्याच दोषातून उपजलेल्या असतात.

एवढे करूनही दोष हाती लागला नाही, तर प्रतीतून निम्मे मजले काढून पुन्हा गणना करावी. अडचण गेली, तर दोष काढलेल्या भागात आहे, अन्यथा उरलेल्या भागात. असे अर्धे-अर्धे करत दोषाच्या खोलीपर्यंत पोहोचता येते.