अल्लाउद्दीनचा दिवा मुलांसोबत कसा वाचावा

आधी न कापलेली, मोठी गोष्ट मिळवा. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात रंगीत चित्रांची छोटी पुस्तकं पटकन हाती लागतात, पण त्यांत गुहा, जिन आणि लग्न एवढंच उरतं. 'तीन वर' डोक्यातून काढा. जुन्या गोष्टीत जिनाकडे कितीही वेळा मागता येतं.

सुरुवातीला एवढं सांगा: सीरियातल्या अलेप्पो शहराच्या हन्ना दियाबने १७०९ मध्ये पॅरिसमध्ये ही गोष्ट फ्रेंच लेखक आंत्वान गालाँ यांना सांगितली, त्यांनी ती फ्रेंचमध्ये लिहिली. घडते मात्र चीनमध्ये. नकाशा जवळ ठेवा.

पहिलं वाचन सलग करा. दुसऱ्या वेळी पेन्सिल घ्या आणि एकच शोधा: कुणाच्या हातात काय आहे, आणि त्याची किंमत त्याला कळली आहे का? शिंप्याचा पोरगा अल्लाउद्दीन गुहेतल्या बागेतली रत्नं रंगीत काचा समजून खिशात भरतो. आई दिवा घासायला घेते, तेही तो विकायचा म्हणून. जिनाने आणलेल्या चांदीच्या थाळ्या अल्लाउद्दीन एकेका मोहरेला देऊन टाकतो. पुढे एक प्रामाणिक सोनार खरा भाव सांगतो तेव्हा कुठे डोळे उघडतात. इथे थांबा आणि विचारा, लक्ष्मी रोडवर आजीची पाटली मोडायची झाली तर आपण काय काय विचारू? या प्रश्नावर मुलं खूप बोलतात, बोलू द्या.

मग येते जुन्या दिव्यांवर नवे दिवे देणाऱ्या जादूगाराची आरोळी. मुलांना बोहारीण आठवून द्या, जुन्या साड्यांवर पातेलं देणारी. तिच्याशी तासभर घासाघीस करणारी आजी घरात असेल, तर हा प्रसंग तिच्याकडूनच वाचून घ्या. जादूचा दिवा देऊन टाकणारी अल्लाउद्दीनची बायको, राजकन्या, बावळट होती, असं एखादं मूल म्हणेलच. तेव्हा मागची पानं उलटा. अल्लाउद्दीन शिकारीला गेला होता आणि दिव्याचं गुपित त्याने बायकोला कधी सांगितलंच नव्हतं. मला ही गोष्टीतली सगळ्यात दुखरी जागा वाटते.

शेवटी अंगठीच्या जिनाकडे वळा. दिव्याच्या जोरावर जादूगाराने उचलून नेलेला राजवाडा परत आण म्हटल्यावर तो नकार देतो. ते काम दिव्याच्या जिनाचं. तो अल्लाउद्दीनला फक्त तिथवर नेऊन सोडतो. जादूगाराला विषाचा पेला देते ती राजकन्या, स्वतःच्या हाताने. तो भाग मुलालाच मोठ्याने वाचू द्या.