महागाचे कपडे, तरी अंगावर बसत नाहीत? या चुका टाळा

बटणं लागली, पँटची चेन वर गेली, म्हणजे माप बरोबर, असा बहुतेक पुरुषांचा हिशेब असतो. ट्रायल रूममधून दोन मिनिटांत बाहेर. मग तो शर्ट एकदोनदा घातला जातो आणि कपाटात मागे सरकतो. रंग आवडलेला असतो, कापडही चांगलं असतं. शिंप्याला कोणता दोष काढता येतो आणि कोणता नाही, एवढं माहीत असतं तर तो शर्ट घरी आलाच नसता.

पोटाच्या मापाने शर्ट घेणं

पोट थोडं सुटलं की माणूस पोटावर बटणं ताणली जाणार नाहीत असा शर्ट उचलतो. मग खांद्याची शिलाई दंडावर उतरते, बाही तळहातापर्यंत येते आणि शर्ट दुसऱ्याकडून मागून आणल्यासारखा दिसतो. बघायचं ते आधी खांद्याकडे. खांद्याचं हाड जिथे संपतं आणि हात सुरू होतो, तिथे शिलाईची रेघ हवी. शर्ट असो वा कोट, खांदा बसला नाही तर कपडा परत ठेवावा. कारण खांदा कमी करायचा म्हणजे बाही उसवायची, खांदा कापायचा, मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोल काप, नव्याने आखायचा आणि बाही पुन्हा बसवायची. इतकं करून फिटिंग जमेलच याची खात्री कुणी देत नाही.

कोटाची उंची कमी करणंही असंच. खालून कापता येतं, पण खिसे आणि बटणं जागच्या जागी राहतात आणि सगळं प्रमाण बिघडतं. बाहीच्या टोकाची काजं खरी असतील, म्हणजे बटणं उघडता येत असतील, तर बाही तिथून आखूड करणं कठीण. याउलट शर्टाच्या बाजू आत घेणं, पँटची कंबर थोडी कमी करणं, पाय आखूड करणं ही शिंप्याची रोजची कामं. सैल करायचं असेल तर मात्र आत माया शिल्लक हवी. कपडा उलटा करून शिलाईच्या आतलं कापड बघा. रेडिमेड शर्टात ते जवळपास नसतंच. पँटच्या मागच्या मधल्या शिलाईत बऱ्याचदा बोटभर सापडतं.

सुरकुत्यांचा अर्थ न लावणं

कपडा कुठे चुकला हे तो स्वतःच दाखवतो. हात सैल सोडून सरळ उभे राहा आणि चुण्या कुठून निघतात ते बघा. बटणाभोवती फुलीसारख्या रेघा उमटल्या तर तिथे घट्ट आहे. पँटचे तिरके खिसे कानांसारखे उघडे राहत असतील तर कंबर नव्हे, नितंबाचं माप कमी पडतंय. कंबर सैल करून खिसे मिटणार नाहीत. पुढून मांड्यांच्या सांध्यातून आडव्या रेघा फाकल्या तर आसन, म्हणजे दोन पायांमधला भाग, अपुरं. मागे, बसण्याच्या जागेखाली, कापडाच्या घड्या लोंबत असतील तर तिथे कापड जास्त आहे. हे शेवटचं काम चांगला शिंपी करून देतो.

कॉलरच्या लगेच खाली, पाठीवर आडवी वळी पडली तर त्या कोटाचा खांदा तुमच्या खांद्यापेक्षा उतरता आहे. एकाच बाजूला, काखेकडे जाणाऱ्या तिरक्या चुण्या दिसल्या तर तो खांदा खाली आहे. पुष्कळांचा एक खांदा किंचित खाली असतोच. कोटात त्या बाजूला थोडं जाड पॅड घालून ते झाकता येतं. शर्टात सोडून द्यावं.

सगळ्यात जास्त फसवतो तो मुंढा. हात वर केल्यावर शर्ट पँटीतून बाहेर येतो, कोट कानापर्यंत चढतो. माणसाला वाटतं, घट्ट होतोय, म्हणून तो एक साइज मोठी घेतो आणि त्रास वाढतो. मुंढा खाली उतरलेला असेल तर बाही काखेपासून दूर जोडलेली असते. हात हलला की सगळा कपडा ओढला जातो. मोठ्या साइजमध्ये मुंढा आणखी खाली जातो. काखेजवळ बसणारा, पण काचत नसलेला मुंढा हवा. तो वर घेता येत नाही, कारण तिथलं कापड आधीच कापलेलं असतं.

आणि ट्रायल रूममध्ये फोटोला उभं राहिल्यासारखं पोट आत ओढून उभं राहण्यात काही अर्थ नाही. खाली बसा, वाका, खिशात फोन ठेवा.

लेबलवरच्या आकड्यावर भरवसा

एका कंपनीचं ३४ दुसऱ्या कंपनीच्या ३४ शी जुळेलच असं नाही. लेबलवर ३४ लिहिलेल्या पँटच्या कंबरेला टेप लावून बघा. ती बऱ्याचदा ३४ इंचांहून मोठी निघते. ऑनलाइन घेताना उत्तम बसणारा एक शर्ट सपाट पसरून छाती, खांदा, बाही आणि उंची मोजून ठेवावी. साइज चार्टमधले आकडे शरीराचे आहेत की कपड्याचे, हे आधी बघा. बऱ्याचशा गडबडी इथेच होतात, कारण शर्टाची छाती अंगापेक्षा काही इंच जास्त असावीच लागते. कॉलरचं बटण लावून आत एक-दोन बोटं जायला हवीत. त्याहून घट्ट कॉलर कुणी दिवसभर घालत नाही.

सुती कापडाचं आकसणं हा वेगळाच घोळ. सॅनफोर्ड क्लुएट यांनी १९३० च्या सुमारास कापड आधीच यंत्राने आकसवून घेण्याची पद्धत आणली, तिलाच सॅनफोरायझिंग म्हणतात. त्याने प्रश्न बराच कमी झाला, पण संपला नाही, आणि सगळ्या कापडांवर ही प्रक्रिया होतही नाही. म्हणून नवी सुती पँट आधी धुवा, वाळवा, मग पाय आखूड करायला द्या. उलटा क्रम ठेवलात तर घोटे दिसतील.

छोट्या गोष्टी, ज्या लगेच डोळ्यात भरतात

नव्या कोटाच्या मागच्या कापाला फुलीचा जाड टाका असतो आणि बाहीवर कंपनीची पट्टी. दोन्ही काढून टाकण्यासाठीच असतात. उभं असताना दोन बटणांच्या कोटाचं खालचं बटण उघडं ठेवा. कोट बेतलेलाच तसा असतो. पांढऱ्या शर्टाखाली पांढरं बनियन स्पष्ट दिसतं, राखाडी किंवा त्वचेच्या रंगाचं बरंच कमी दिसतं.

काळ्या रंगाचा सोस हा माझ्या मते नाहक डोक्यावर बसलेला प्रकार आहे. वेगवेगळ्या वेळी घेतलेला काळा कोट आणि काळी पँट क्वचितच जुळतात, आणि धुतल्यावर दोन्ही वेगवेगळ्या वेगाने विटतात. पहिली पँट राखाडी, पहिला कोट गडद निळा घ्या. पांढरा आणि फिकट निळा शर्ट दोन्हींवर चालतो. रंग दुकानाच्या दिव्याखाली नाही, दाराशी उजेडात नेऊन बघा.

स्वस्त कोटांत पुढच्या भागाला बकरम, म्हणजे आतलं ताठ अस्तर, शिवलेलं नसतं, चिकटवलेलं असतं. वारंवार ड्रायक्लीनिंग केलं की ते सुटतं आणि छातीवर फुगे येतात. ते पूर्ववत होत नाहीत, म्हणून डाग किंवा वास नसेल तर ब्रश करून रुंद हँगरवर टांगणं पुरेसं. स्ट्रेच पँट फार गरम ड्रायरमध्ये घातली की लवचीक धागा मरतो आणि गुडघे फुगीर दिसू लागतात.

शिंप्याला नुसतं 'फिट करा' सांगणं

फिट म्हणजे किती, हे त्याच्या आणि तुमच्या डोक्यात वेगळं असतं. त्या पँटीवर घालणार तेच बूट घालून जा, कारण टाचेच्या उंचीने पायाची लांबी बदलते. कोट दाखवताना आत शर्ट हवा; कफ कोटाच्या बाहीबाहेर साधारण एक सेंटीमीटर दिसला पाहिजे. पिना लावून झाल्यावर खाली बसून बघा आणि कुठे ओढ बसते ते तेव्हाच सांगा. काढलेलं कापड कापू नका, आत दुमडून ठेवा, हेही सांगा. वजन वाढलं तर तीच पँट पुन्हा सोडता येते.