आधी त्याले विचारलं का? पोरांना ऑनलाइन नीट वागायला शिकवायचं तर

सुरुवात माझ्याच चुकीपासून करते, कारण वर्गातही मी तिथूनच करते. तीन वर्षांआधी गॅदरिंगमधे आठवीतला एक पोरगा नाचता नाचता स्टेजवर घसरला, हसतच उठला आणि पुन्हा नाचला, मला ते इतकं भारी वाटलं की मी लगेच व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर टाकून दिला. संध्याकाळपर्यंत त्या घसरण्याचं स्टिकर झालं होतं, वर्गाच्या ग्रुपवर, ट्यूशनच्या ग्रुपवर, कुठं कुठं. पोरगा चार दिवस शाळेत आला नाही. त्याची आई भेटायला आली, भांडली वगैरे नाही, एवढंच म्हणाली, "मॅडम, टाकायच्या आधी त्याले विचारलं का तुम्ही?"

नव्हतं विचारलं.

तर तेव्हापासून माझा सायबर सेफ्टीचा पीपीटी बंद. हे करू नका ते करू नका अशी यादी फळ्यावर लिहिली की पोरं ती वहीत छान उतरवतात आणि मधल्या सुट्टीत तेच करतात. यादीपेक्षा त्या आईचा प्रश्न बरा. फोटो टाकतोस, त्याले विचारलं का? मित्राचा पासवर्ड माहीत आहे म्हणून अकाउंट उघडतोस, त्याले विचारलं का? सगळा विषय यात बसत नाही, पण बराचसा बसतो, आणि नागपूरच्या पोरांच्या तोंडात तो पटकन बसतो हे महत्त्वाचं.

पहिल्या तासाला मोबाईल लागतच नाही, कोरे कागद लागतात. एका पोराला (आधी विचारून, हो) चिठ्ठीवर स्वतःबद्दल काहीतरी साधं लिहायला सांगा. माझ्याकडे एकानं लिहिलं, "मले पालीची भीती वाटते." आता त्यानं तेच दोन चिठ्ठ्यांवर उतरवून दोघांना द्यायचं, त्या दोघांनी प्रत्येकी अजून दोघांना, असं पुढं. १, २, ४, ८, १६, ३२, म्हणजे पाच फेऱ्यांत ६३ जण, वर्ग संपतो पण फेरी संपत नाही. दहा मिनिटं नुसता गोंधळ होतो, होऊ द्या. मग त्या पहिल्या पोराला सांगा, तुझी चिठ्ठी फाड, झालं डिलीट. आणि बाकीच्यांकडून चिठ्ठ्या परत मागा. माझ्या वर्गात सात-आठ आल्याच नाहीत, एक खिडकीतून बाहेर गेली होती, आणि एकीवर कोणीतरी "आणि झुरळाची पण" असं वाढवलं होतं. ती मी मोठ्यानं वाचली, वर्ग हसला, आणि ज्याची चिठ्ठी होती तो नाही हसला. इथं भाषण देऊ नका. दोन मिनिटं गप्प बसायचं, बस.

नंतर मग माहिती चिकटते. व्हॉट्सॲपवर सगळ्यांसाठी डिलीट करायला साधारण अडीच दिवस मिळतात पण कोणी काढलेला स्क्रीनशॉट त्यानं जात नाही. मेसेजवर ते दोन बाण दिसतात ना, त्याचा अर्थ हा पाच किंवा जास्त हात फिरून आलाय, म्हणून तो पुढं एका वेळी एकाच चॅटला जातो. पोरं ते बाण रोज पाहतात, अर्थ कोणालाच माहीत नसतो, स्टाफरूममधे विचारून पाहा, तिथंही तेच!

दुसरा तास कायद्याचा. इथं बहुतेक जण पोरांना घाबरवतात, पोलीस येईल, जेल होईल. नववीच्या पोराला ते खोटं आहे हे कळतं आणि मग तुमचं खरंही तो ऐकत नाही. मी सरळ सांगते. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चा आहे. त्यात कलम ६६ सी, दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीनं वापरला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. ६६ डी, दुसराच कोणी बनून फसवलं तर तेवढंच. म्हणजे वर्गातल्या मुलीच्या नावानं फेक आयडी काढून गंमत म्हणून पोरांना फसवणं, ही गंमत नाही. अठराच्या आतल्या पोराची केस बाल न्याय मंडळापुढं जाते, मोठ्यांच्या कोर्टात नाही, हेही सांगते, लपवत नाही. पण माझ्या वर्गातल्या अर्ध्याअधिक पोरांचा नंबर आईच्या नाहीतर बाबांच्या नावावर आहे, मग चौकशी आधी कोणाच्या दारात येईल, एवढा प्रश्न टाकला की मागच्या बाकावरची पोरं पण सरळ बसतात.

"मॅडम, मी तं फक्त फॉरवर्ड केलं" हे वाक्य दर वर्षी ऐकू येतं. अश्लील मजकुराच्या बाबतीत कायदा बनवणारा आणि पुढं पाठवणारा दोघांनाही धरतो, आणि अठराच्या आतल्या कोणाचा उघडा फोटो असेल तर नुसता डाऊनलोड करणं पण गुन्हा आहे, ६७ बी. हे न लाजता सांगायचं. तुम्ही लाजलात की पोरं खिदळतात.

आणि एक, कायदा शिकवताना हक्क पण शिकवा. कितीतरी जुन्या पीपीटीत अजून ६६ ए, म्हणजे ऑनलाइन "आक्षेपार्ह" लिहिलं तर शिक्षा देणारं कलम, लिहिलेलं सापडतं. ते कलम सुप्रीम कोर्टानं २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात रद्द केलं. त्यामागची एक गोष्ट आपल्या महाराष्ट्राचीच, २०१२ मधे पालघरच्या दोन मुलींना फेसबुकच्या एका पोस्टवरून अटक झाली, एकीनं लिहिली होती, दुसरीनं लाईक केली होती. हे सांगितलं की वर्गात पिनड्रॉप शांतता. नीट वागणं म्हणजे तोंड बंद ठेवणं नाही, हे पोरांना कळायला पाहिजे, नाहीतर आपण फक्त भित्री पोरं तयार करून राह्यलो.

प्रोजेक्टच्या कॉपीबद्दल थोडक्यात. नेटवर दिसलं म्हणजे फुकट, असं नसतं. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, लेखकाच्या मरणानंतरही ६० वर्षं हक्क राहतो. पण व्याख्यानापेक्षा हे करा, विकिमीडिया कॉमन्स या मोफत फोटोंच्या साइटवर आपल्या नागपूरच्या झिरो माईल स्तंभाचा फोटो शोधायला लावा आणि फोटोखाली काय लिहिलंय ते वाचायला लावा, कोणी काढला, कोणत्या अटीवर वापरू देतोय. तिथं फोटोवाल्यानं आधीच सांगून ठेवलंय, नाव द्या आणि वापरा. मग तसं नाव प्रोजेक्टमधे लिहायचं. मी दोन मार्क त्याचेच ठेवलेत, बाकी काही नाही केलं तरी मार्कासाठी पोरं शिकतात. एआयकडून निबंध लिहून आणला तर तसं खाली लिहा म्हणते, लिहिलं तर रागवत नाही, लपवलं तर पुन्हा लिहायला लावते, तेही वर्गात बसून.

होमवर्क एकच देते, घरातल्या आजी-आजोबांना दोन गोष्टी शिकवा. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, आणि डिजिटल अरेस्ट (पोलीस असल्याचं सांगून व्हिडिओ कॉलवरच अटक केली म्हणतात आणि पैसे उकळतात ती) नावाची कोणतीही गोष्ट कायद्यात नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. एका पोरीच्या आजोबांनी म्हणे १९३० कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवलं. पोरांना शिकवायला मिळालं की ती स्वतः शिकतात, हा अनुभव आहे.

आता खरंच काही घडलं तर काय, हे मोठ्यांसाठी आहे, नीट वाचा. एखादी मुलगी रडत येते आणि सांगते की तिचा तसला फोटो फिरतोय. पहिली गोष्ट, "तू काढलाच काऊन" हे तोंडातून निघू देऊ नका. दुसरी, पुरावा म्हणून तो फोटो स्वतःच्या फोनवर घेऊ नका, शाळेच्या ग्रुपवर तर अजिबातच नाही, तुम्ही भलत्याच अडचणीत याल आणि फोटो अजून एका फोनवर जाईल. कोणत्या नंबरवरून आला, कधी आला, लिंक काय, हे कागदावर लिहा. मुख्याध्यापक आणि घरचे यांना त्याच दिवशी सांगा, शाळेचं नाव खराब होईल म्हणून दाबू नका, पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या, कायद्यात माहीत असून न कळवणं हाच गुन्हा आहे. १०९८ वर चाइल्ड हेल्पलाइन आहे, सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार होते. आणि टेक इट डाऊन नावाची एक फुकट सोय आहे, अठराच्या आत काढलेल्या फोटोंसाठी, त्यात फोटो अपलोड होत नाही, फोनवरच त्याची एक खूण बनते आणि जे प्लॅटफॉर्म सामील आहेत ते तिच्यावरून फोटो शोधून काढतात. मुलीला हे सांगितलं की तिचा श्वास जरा खाली बसतो.

शेवटचा तास मी मुद्दाम तान्ह्या पोळ्याच्या (पोळ्याचा दुसरा दिवस) आसपास ठेवते. तेव्हा नागपुरात मारबतीची मिरवणूक असते, त्यात बडगे म्हणजे मोठे पुतळे निघतात, पुढाऱ्यांची, महागाईची, कोणाकोणाची खिल्ली उडते, मग पोरं विचारणारच, "मॅडम, ते चालते, आमचं स्टिकर काऊन नाही चालत?" प्रश्न बरोबर आहे, टाळू नका. आमच्या वर्गात यावर अर्धा तास वाद झाला. बडग्या ताकदवान माणसाचा असतो, भर रस्त्यात, ढोल वाजवून, करणाऱ्याचं तोंड सगळ्यांना दिसतं, आणि त्याच दिवशी तो जळून जातो. स्टिकर वर्गातल्या सगळ्यात गप्प पोराचं असतं, कोणी बनवलं ते माहीत नसतं, आणि ते जळत नाही. यातलं जळण्याचं एका पोरीनंच सुचवलं, मला नव्हतं सुचलं.

मग खोके, गवत आणि जुने शर्ट आणून वर्गाचा बडग्या बनवायचा, ऑनलाइनच्या एका वाईट सवयीचा. यंदा पोरांनी ठरवलं, न वाचता सकाळी सकाळी गुड मॉर्निंग आणि खोट्या बातम्या ढकलणारा माणूस. गळ्यात पाटी, हातात पुठ्ठ्याचा मोबाईल, आणि डोळ्यांवर डिट्टो माझ्यासारखा लाल फ्रेमचा चष्मा. तीन जण स्टाफरूममधे आले, एकाला पुढं ढकललं, तो म्हणाला, "मॅडम, तुमचा चष्मा लावला, चालते न?"

मी म्हटलं चालते. "घेऊन जा गे मारबत" ओरडत त्याला मैदानभर फिरवलं, जाळायची परवानगी मिळाली नाही, शेवटी शिपाईकाकांनी रद्दीत घातला.